पीठ न पडणारे जाते

मराठीत 'दळण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. धान्याचे पीठ करणे हा पहिला. आणि तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगून ऐकणाऱ्याचा जीव नकोसा करणे हा दुसरा. मोबाईलवर आणि संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविषयी हल्ली तरुण खेळाडूंची जी तक्रार कानी येते, तिला या दुसऱ्या अर्थाइतका चपखल शब्द सापडणे कठीण. विशेष म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनीही या प्रकाराला 'ग्राइंडिंग' म्हणजे दळणेच असे नाव दिले आहे. पुढची तलवार मिळावी म्हणून तोच राक्षस शंभर वेळा मारायचा. पुढची पायरी चढता यावी म्हणून तेच मैदान, तीच इमारत, तीच बंदूक रोज रात्री. एक दिवस चुकला तर हजेरी बुडाली म्हणून आठवड्याचे बक्षीस गेले. आणि इतके दळून झाल्यावर खेळाचा जो नवा, ताजा भाग दिसतो, त्याच्या दाराला कुलूप असते. किल्ली विकत घ्यावी लागते.

सेलूच्या स्टेशन रस्त्यावर, महाविद्यालयाच्या आवारात, कापसाच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर गाड्यांच्या रांगेत नंबरची वाट पाहत बसलेल्या पोरांच्या तोंडी ही तक्रार ऐकू येते. "मजा राहिली नाही, पण सोडवत नाही", हे तिचे सार. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना, आणि त्यांत बहुसंख्य शिक्षकही आले, ही तक्रार ऐकून बरेच वाटते. कंटाळले तर सुटतील आणि पुस्तक हाती धरतील, असा त्यांचा हिशेब असतो. प्रस्तुत लेखकाला तो हिशेब चुकीचा वाटतो. खेळात मुळीच न रमलेल्याला अशी तक्रार करता येत नाही. ज्याला खेळ म्हणजे काय हे नीट कळते, त्यालाच आपल्याकडून खेळाच्या नावाखाली दुसरे काहीतरी करून घेतले जात आहे, हे कळते. तेव्हा तक्रार उडवून लावण्यापूर्वी ती नेमकी कशाची आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

ती पुनरावृत्तीची नाही. पुनरावृत्तीला नावे ठेवण्याचा अधिकार परभणी जिल्ह्यातल्या माणसाला तर अजिबात नाही. जनाबाईचे गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागला, ही कथा येथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. महाराष्ट्रातल्या बायांनी पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा हाती धरून जे म्हटले, त्यातल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांच्या प्रकल्पाने गावोगाव फिरून टिपून ठेवल्या आहेत. जाते गोल फिरते, तेच ते फिरते; पण त्या फिरण्यातून एकीकडे पीठ पडते आणि दुसरीकडे ओवी. दळणारी पायली दळून उठते तेव्हा तिची भाकरी तिच्या हाती असते. तबल्याचा रियाज, पाढ्यांची घोकंपट्टी, मल्लखांबावरची तीच ती उडी, या साऱ्यांत पुनरावृत्ती आहे. मात्र हजाराव्या वेळेचा हात पहिल्या वेळेच्या हातापेक्षा वेगळा असतो. कापूस वेचणारी मजूर बाई दिवसभर एकच हालचाल करते. संध्याकाळी वजनकाटा लागतो आणि किलोच्या भावाने मजुरी मिळते. मजुरी थोडी असेल, अपुरी असेल, पण काटा तरी असतो.

खेळातल्या दळणात यांपैकी काहीच पडत नाही. हजाराव्या राक्षसाला मारणारा अंगठा पहिल्या राक्षसाला मारणाऱ्या अंगठ्याहून अधिक कुशल झालेला नसतो. वाढतो तो पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा. तो आकडाही आपला नसतो, हे खेळाडूला पुढे कळते. त्याकडे नंतर वळू.

विसरलेली अट

खेळाची एक जुनी अट आहे आणि ती इतकी सहज आहे की तिचा उच्चार करण्याची वेळ आजवर आली नाही. खेळ संपतो. आट्यापाट्यांचा डाव संपतो, सोंगट्या घरात जातात, मोक्षपटावर साप चावत-चावत का होईना शेवटचे घर येते. संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला दोघेही घरी जेवायला जातात. संगणकाच्या खेळांतही आरंभी असेच होते. टीव्हीला जोडायच्या कॅसेटमधला मारिओ राजकन्येला सोडवून मोकळा होई. कॅसेटची किंमत एकदाच द्यावी लागे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती शेजारच्या घरी फिरून येई.

ही अट कशी मोडली, याचा इतिहास फार जुना नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ अमेरिकेत सुरू झाला. हजारो लोक एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, आणि त्या जगात राहण्याचे भाडे दरमहा भरतात, अशी त्याची रचना. जे जग भाड्यावर चालते, ते संपून कसे चालेल? मग वेळ पुरवण्याचे उपाय आले, आणि त्यांत सर्वांत स्वस्त उपाय दळणाचा. नवी कथा लिहायला लेखक लागतो, नवे नगर उभारायला चित्रकार लागतो. 'हाच राक्षस आणखी पन्नास वेळा मारा' एवढे सांगायला काहीच लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये त्या खेळाची पहिली विकत घ्यायची पुरवणी निघाली आणि खेळाडूची कमाल पायरी साठावरून सत्तरावर गेली. ज्यांनी महिनोन् महिने चाळीस-चाळीस जणांची पथके करून रात्री जागून शस्त्रे मिळवली होती, त्यांना नव्या प्रदेशात शिरताच पहिल्या काही फुटकळ कामगिऱ्यांतून त्याहून सरस शस्त्रे मिळू लागली. कचेरीतल्या वाचकांना याची कल्पना चटकन येईल. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर ज्येष्ठता यादीत वर आलेल्या माणसाला एके सकाळी कळावे की ती यादीच रद्द झाली, आणि नव्या यादीत नाव घालायचे तर अर्जाचे शुल्क वेगळे!

तरीही त्या पुरवणीत पुष्कळ काही होते, हे मान्य केले पाहिजे. कादंबरीचा दुसरा खंड विकत घ्यावा तसे ते होते. पुढे मात्र खंडाऐवजी पाने सुटी विकली जाऊ लागली. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' नावाच्या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला आले तेव्हा खेळाडूंनी त्याची मनसोक्त टिंगल केली. घोड्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. परंतु टिंगल करणाऱ्यांनीही ते घेतले, आणि धंद्याला वाट सापडली.

आपल्याकडे ही वाट पोचली ती मोबाईलच्या पाठीवर बसून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये 'पब्जी मोबाईल' आला. मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या सेलूसारख्या लहान स्थानकाच्या गावात, ज्याच्या घरी कधी संगणक नव्हता अशा मुलाला, दिल्ली-मुंबईच्या मुलांबरोबर एकाच मैदानात उतरता आले. यात खरोखरच काही समतेचे होते. खेळ चकटफू होता. चार हजारांचा खेळ विकत घेणे ज्याला जन्मात शक्य नव्हते त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. या खेळांवर टीका करणाऱ्यांनी ही बाजू झाकून ठेवू नये.

मीठ आणि पाणी

पण चकटफू खेळाचा खर्च कोणीतरी भरतोच. तो कसा काढला जातो, हे समजून घेतले म्हणजे दळण अपघाताने आलेले नाही, ते मुद्दाम घातलेले आहे, हे ध्यानात येते.

या धंद्याचे सर्वांत उघडे उदाहरण २०१७ चे आहे. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा खेळ पूर्ण किंमत मोजून विकत घ्यायचा होता. तरीही त्यातली डार्थ व्हेडर आणि ल्यूक स्कायवॉकर ही प्रमुख पात्रे कुलूपबंद होती. त्यांतले एक पात्र केवळ खेळून मिळवायचे तर सुमारे चाळीस तास लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. खेळाडूला कर्तबगारीचा अभिमान वाटावा म्हणून हे कष्ट ठेवले आहेत, असा खुलासा कंपनीने केला. त्या खुलाशावर सहा लाखांहून अधिक लोकांनी नापसंती नोंदवली. कंपनीने पात्रांची किंमत पंचाहत्तर टक्क्यांनी उतरवली, आणि खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर आतली पैशांची विक्री काही काळ बंदच केली.

या प्रकरणात राग कशाचा होता? रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. ज्या दुकानदाराने कष्ट ठेवले, तोच शेजारच्या खिडकीत कष्टातून सूट विकत होता. भाजीत मीठ जास्त घालायचे आणि पाण्याच्या पेल्याचे पैसे लावायचे, अशा खाणावळीत जेवणाऱ्याला आचाऱ्याच्या हातून चूक झाली असे किती दिवस वाटेल? खेळ कंटाळवाणा झाला तर सूट खपते. रंजक राहिला तर खपत नाही. म्हणजे ज्याचे काम रंजन करणे, त्याचा नफा कंटाळ्यात अडकला. पैसे देऊन खेळाडू काय घेतो? खेळ न खेळण्याची मुभा घेतो. आजवरच्या कोणत्याही करमणुकीच्या धंद्यात असा व्यवहार झाला नसेल. तमाशाच्या फडाने 'जास्त पैसे द्या, म्हणजे गण-गौळण वगळून देऊ' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे काम मजुरीचेच आहे, याचा पुरावा फार पूर्वीच मिळाला होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या भरभराटीच्या काळात चीनमध्ये तरुणांना पगार देऊन खोल्या-खोल्यांत बसवले जाई. ते पाळ्यांमध्ये खेळातले सोने गोळा करीत, आणि ते सोने पाश्चात्त्य देशांतल्या वेळ नसलेल्या खेळाडूंना विकले जाई. ज्या खेळाची पाळी लागते आणि ज्याला मुकादम असतो, त्याला आपण खेळ कोणत्या तोंडाने म्हणायचे?

सोबत नशिबाची पेटीही आली. पैसे टाकायचे, पेटी उघडायची. आत हवे ते निघेल किंवा निघणार नाही. बक्षीस केव्हा येईल हे ठाऊक नसले म्हणजे कबुतरसुद्धा चोच मारणे थांबवत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिले होते. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा पेट्या काही नामांकित खेळांत जुगारच ठरतात असा निर्वाळा दिला, आणि कंपन्यांना त्या देशात त्या काढाव्या लागल्या.

सोडवत का नाही?

येथवर वाचणारा शिक्षक विचारील: इतके कळते, तर ही मुले खेळ सोडत का नाहीत? व्यसन हा शब्द आपल्याकडे अशा वेळी फार लवकर पुढे केला जातो. तो काही मुलांच्या बाबतीत खराही आहे. परंतु सेलूतल्या, आणि एकूण मराठवाड्यातल्या, विशी-पंचविशीतल्या तरुणाकडे पाहता दुसरे एक कारण अधिक पटते.

२०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. अभ्यासिकेत पहाटेपासून बसणारा मुलगा या आकड्यांच्या छायेत बसतो. त्याचे कष्ट फळतील की नाही, जाहिरात निघेल की नाही, निघाली तर निकाल न्यायालयात अडकेल की नाही, यांतले काहीही त्याच्या हाती नाही. घरी शेत असले तर तेही पावसाच्या आणि भावाच्या हाती. अशा मुलाला रात्री अकरा वाजता एक जग भेटते, जेथे दोन तास घातले की पट्टी इतकी-इतकी पुढे सरकते. निश्चितपणे सरकते, डोळ्यांदेखत सरकते. कष्ट आणि फळ यांचा जो संबंध बाहेर तुटलेला आहे, तो आत सांधलेला दिसतो. म्हणून तो कंटाळूनही दळत राहतो. आळशी माणसाला हे जमणार नाही. या मुलांची चिकाटी पाहिली तर आळसाचा आरोप करणाऱ्यांना लाज वाटावी.

आणि नेमकी येथेच त्याची निराशा खोल जाते, कारण आतला संबंधही खोटा निघतो. हंगाम बदलला की पदवी खाली घसरते. नवा पास निघतो आणि कालची मानाची वस्तू जुनी होते. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो पट्टी एका झटक्यात पुढे सरकवतो. ज्याच्यापाशी नाहीत त्याच्याकडून तेवढीच किंमत वेळात वसूल केली जाते. गरिबाच्या मुलाचा वेळ स्वस्त, हा बाहेरचा नियम आतही लागू होतो. बाहेरून पळून जेथे यावे, तेथेही तीच रांग आणि तोच वशिला!

विकत घेतलेले कोणाचे?

आता त्या आकड्याकडे वळू, जो आपला नसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डेस्टिनी २' या खेळाच्या कर्त्यांनी पूर्वी पैसे घेऊन विकलेल्या दोन पुरवण्या खेळातून काढून घेतल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक मोठी पुरवणी त्याच वाटेने गेली. ज्यांनी त्या विकत घेतल्या होत्या त्यांच्या हाती पावती उरली. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ कंपनीने बंद केला. तो कंपनीच्या यंत्रणेशी जोडल्यावाचून चालतच नसल्यामुळे घरी असलेली तबकडी निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की, ग्राहकाला मालकी न देता केवळ वापराची परवानगी विकायची असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

आपल्याकडचा अनुभव निराळ्या कारणाने आला, पण चव तीच. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने 'पब्जी मोबाईल'वर बंदी घातली. बंदीच्या कारणांचा वाद येथे नाही. त्या दिवशी देशभरातल्या मुलांना प्रथमच कळले की, वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेला पोशाख आणि दोन वर्षांत चढलेल्या पायऱ्या ही त्यांची मालमत्ता नव्हे. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला आणि जुनी खाती वळवून घेण्याची सोय मिळाली, हा कंपनीचा निर्णय होता. खेळाडूचा हक्क नव्हता.

निराळ्या रीतीने खेळ करता येतो, हे दाखवायला परदेशात जाण्याची गरज नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका डोंबारी मुलीची ती कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही त्यांनी तो पुरा केला, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. तो काही तासांत संपतो. शेवट तुटक वाटतो, अशी तक्रार पुष्कळांनी केली, आणि ती रास्तही आहे. पण 'संपला' अशी तक्रार आणि 'संपतच नाही' अशी तक्रार, या दोहोंत प्रस्तुत लेखकाला पहिली पुष्कळ अधिक निरोगी वाटते.

कायद्याचे म्हणाल तर, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने निषिद्ध ठरवले. रमीच्या नादाने घरे बसली होती, तेव्हा हे योग्यच झाले. मात्र ज्या खेळात जिंकायला पैसे नसतात, फक्त घालवायला असतात, त्याचे दळण या कायद्याच्या जात्यात पडत नाही. वर्गणी आणि प्रवेशशुल्क घेण्याची मुभा अशा खेळांना आहे. आणि दोन महिने कंटाळा देऊन मग सूट विकणे हा अपराध कोणत्याही कलमात बसत नाही.

जवळचे हत्यार दुसरीकडे आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या छुप्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत: खोटी घाई निर्माण करणे, किंमत थोडी-थोडी करून उघड करणे, नको म्हटले तरी तगादा लावणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, इत्यादी. 'फक्त आजच्या दिवस' म्हणून घड्याळ लावून पेटी विकणारा पडदा ज्याने पाहिला आहे, त्याला ही यादी ओळखीची वाटेल. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किंमत छापावी लागते. हा खेळ शेवटपर्यंत खेळायचा तर एकूण किती रुपये किंवा किती तास लागतील, हे खेळाच्या दारावर लिहिण्याची सक्ती करायला काय हरकत आहे? आणि विकलेली पुरवणी अमुक वर्षे चालू ठेवू, याची हमी पावतीवर का नसावी?

तोवर जे हाती आहे ते वापरावे. खेळात गेलेल्या पैशाचा बँकेचा किंवा यूपीआयचा संदेश पुसू नये, विक्रीच्या पडद्याचे चित्र काढून ठेवावे. मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आईवडिलांना ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. परभणीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क पडत नाही, आणि सेलूच्या स्थानकावरून परभणीला थेट गाडी जाते.